मुलींच्या निवासी शाळा : तासिका संपल्यानंतर काय?

समाजकल्याणच्या शाळांची चर्चा आपल्याकडे होते ती प्रवेश, भोजन आणि सुरक्षा यांवर. ती व्हायलाच हवी. पण अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलींच्या शासकीय निवासी शाळांमध्ये शेवटची घंटा झाल्यावर मुली काय करतात, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. चित्रकला, खेळ, विज्ञान मंडळ, वाचन मंडळ हा सगळा ‘फावल्या वेळेचा’ विषय समजला जातो. प्रत्यक्षात तो गुणांचा आणि संधीचा विषय आहे.

दहावीच्या परीक्षेत राज्य मंडळ क्रीडा, चित्रकला, शास्त्रीय कला आणि लोककला यांसाठी सवलतीचे वाढीव गुण देते. अकरावीच्या गुणवत्ता यादीत दोन-चार गुणांनी महाविद्यालय बदलते. मात्र हे गुण आपोआप मिळत नाहीत. चित्रकलेसाठी आधी एलिमेंटरी, मग इंटरमिजिएट ग्रेड परीक्षा द्यावी लागते. म्हणजे आठवी-नववीतच तयारी हवी. पुढे प्रमाणपत्रांसह प्रस्ताव शाळेनेच विभागीय मंडळाकडे पाठवायचा असतो. शहरातली मुलगी संध्याकाळी खासगी क्लासला जाते. निवासी शाळेतल्या मुलीला फाटकाबाहेर पडता येत नाही. शाळेने मंडळ चालवले नाही, तर तिच्यासाठी दुसरा मार्गच नाही.

लोककलेचे उदाहरण तर बोलके आहे. आंबेडकरी जलशांची परंपरा आपली. भीमगीते, पोवाडे आपल्या मुली लहानपणापासून गातात. पण मान्यताप्राप्त संस्थेचे प्रमाणपत्र नसेल, तर त्या गाण्याला परीक्षेत किंमत शून्य.

कायदा काय सांगतो? 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय, क्रीडांगण आणि खेळाचे साहित्य अपेक्षित आहे. सहावी ते आठवीत 100 पेक्षा जास्त मुले असतील, तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक हवेत. या निवासी शाळा सहावी ते दहावीच्या, क्षमता 200 ची. पट पूर्ण असेल तर सहावी ते आठवीतच सुमारे 120 मुली होतात. तेव्हा निदेशक मागणे ही विनवणी नाही, तो हक्क आहे.

आपला इतिहासही हेच सांगतो. जोतिबा-सावित्रीबाईंच्या शाळेतली मुक्ता साळवे 1855 मध्ये ‘ज्ञानोदया’तून मांग-महारांच्या दुःखावर लिहिते. बक्षीस म्हणून खाऊ नको, ग्रंथालय द्या, असे तिने म्हटल्याचे सांगितले जाते. 20 जुलै 1942 ला नागपूरच्या दलित महिला परिषदेत हजारो स्त्रिया जमल्या, व्यासपीठावरून बोलल्या, ठराव मांडले. बोलण्याची, संघटनेची ही सवय पाठ्यपुस्तकातून लागत नाही. ती वक्तृत्व मंडळात, संघात, भित्तिपत्रकाच्या संपादनात लागते.

काही शाळांत शिक्षक पदरमोड करून हे करतात, त्यांना सलाम. पण व्यवस्था एकट्यादुकट्याच्या चांगुलपणावर चालू नये.

म्हणून तरुण कार्यकर्त्यांनी आपल्या तालुक्यातील मुलींच्या निवासी शाळेच्या मुख्याध्यापकांना आणि जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, समाजकल्याण यांना तीन गोष्टी लेखी विचाराव्यात. कला-क्रीडा निदेशक आहेत का? यंदा किती मुली ग्रेड परीक्षेला बसल्या? वाढीव गुणांचे किती प्रस्ताव गेले? उत्तर आले नाही तर माहितीचा अधिकार आहेच. आणि जयंतीच्या वर्गणीतला थोडा भाग रंग, पुस्तके आणि कबड्डीच्या मॅटसाठी बाजूला काढता येईल. ‘शिका’ या शब्दात एवढे तरी येतेच.

जय भीम!