टॉवर बंद पडला की निरोप कोण देणार? किनाऱ्यावरच्या गावांना हॅम रेडिओ का हवा

रेवदंडा : 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं. वाऱ्याचा वेग ताशी 100 किलोमीटरहून जास्त होता. रेवदंडा, चौल, नागाव पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. विजेचे खांब पडले, वीज गेली आणि मोबाईलही मुके झाले.

वादळ येणार हे लोकांना आधी कळलं होतं. हवामान खात्याचा इशारा मोबाईलवर आणि टीव्हीवर आला होता, किनाऱ्यालगतच्या लोकांना हलवलंही होतं. खरी अडचण वादळ गेल्यावर झाली. कुठे घर पडलं, कोण जखमी आहे, कुठला रस्ता बंद आहे हे तालुक्याला कळवायला अनेक गावांकडे साधनच उरलं नाही. मुंबईतले चाकरमानी गावाला फोन लावत राहिले, तो लागत नव्हता.

पुढच्याच वर्षी याहून वाईट झालं. 22 जुलै 2021 ला महाड तालुक्यातल्या तळीये इथे दरड कोसळली. रस्ते पाण्याखाली होते, फोन बंद होते. बचाव पथकं दुसऱ्या दिवशी पोचली. 80 हून जास्त माणसं गेली. निरोप लवकर गेला असता तर किती वाचले असते हे सांगता येत नाही. पण दरडीत पहिले काही तास किती मोलाचे असतात हे सगळेच जाणतात.

मोबाईल बंद पडतो त्याचं कारण सोपं आहे. फोन टॉवरवर चालतो आणि टॉवर विजेवर. वीज गेली की टॉवरची बॅटरी काही तास पुरते, मग जनरेटरला डिझेल लागतं. रस्त्यावर झाडं पडली असतील तर डिझेल पोचणार कसं?

हॅम रेडिओला मधे टॉवर लागत नाही. एका सेटवरून निघालेला आवाज थेट दुसऱ्या सेटवर जातो. बारा व्होल्टच्या बॅटरीवर काम भागतं, म्हणजे गाडीची किंवा ट्रॅक्टरची बॅटरीही चालते. दूर बोलायचं तर मोठा सेट लागतो. त्याची एरियलची तार दोन माडांमध्येही बांधता येते. हा सेट चालवणारे परवानाधारक हौशी लोक असतात आणि आपत्तीत ते मोबदला न घेता काम करतात.

याचं मोठं उदाहरण अंदमानचं आहे. डिसेंबर 2004 मध्ये हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओचं पथक भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली पोर्ट ब्लेअरला गेलं होतं. काम हौसेचं होतं, तिथून जगभरच्या हॅम मंडळींशी बोलायचं. 26 तारखेला त्सुनामी आली. बेटांवरचे फोन बंद पडले आणि याच पथकाचे सेट निरोप पोचवायला कामी आले. सेट आणि माणसं आधीच तिथे होती, म्हणून हे जमलं. रस्ते बंद असताना मुंबई-पुण्याहून स्वयंसेवक निघाले तरी पहिल्या दिवशी गावात पोचतील याचा भरवसा नाही.

म्हणून सेट गावात हवा आणि तो चालवणारा माणूसही गावातलाच हवा.

यात अडचणी आहेत. हातात मावणाऱ्या सेटचा आवाज साधारण सरळ रेषेत जातो, मधे डोंगर आला की अडतो. रेवदंड्याहून किनाऱ्याने अलिबागकडे बोलणं त्या मानाने सोपं. रोहा, म्हसळा, महाड या बाजूला मात्र डोंगर आडवे येतात. तिथे उंचावर रिपीटर बसवावा लागतो, नाहीतर आकाशातल्या वरच्या थरावरून परत खाली येणाऱ्या लहरींचा मोठा सेट लागतो.

दुसरी अडचण परवान्याची. ऑनलाईन वॉकीटॉकी स्वस्तात मिळतो म्हणून घेतला आणि बोलायला लागलो, असं चालत नाही. हॅमच्या फ्रिक्वेन्सीवर परवान्याशिवाय बोलणं हा गुन्हा आहे. केंद्राच्या दूरसंचार विभागाची परीक्षा द्यावी लागते. वयाची 12 वर्षं पूर्ण झालेला कोणीही बसू शकतो आणि सुरुवातीच्या श्रेणीला मोर्स कोडची सक्ती नाही. पण अभ्यास, परीक्षा, कागदपत्रं यात वेळ जातो. वादळाची बातमी आल्यावर धावपळ करून परवाना मिळत नाही.

कोळी बांधवांना रेडिओवर बोलणं नवं नाही. अनेक बोटींवर व्हीएचएफ सेट असतो. तो समुद्रासाठी आहे, त्याची फ्रिक्वेन्सी आणि नियम वेगळे. पण ज्याला थोडक्यात आणि स्पष्ट बोलायची सवय आहे, तो हॅम लवकर शिकेल. 'वाडी अमुक, दोन जखमी, रस्ता बंद, बोट पाठवा, वेळ सकाळी नऊ', एवढा निरोप पुरे असतो.

मात्र गावातून कोणी बोललं तरी ऐकणारा हवा. अलिबागच्या जिल्हा नियंत्रण कक्षात आपत्तीच्या दिवसांत परवानाधारक हॅम बसला नाही, तर गावातला सेट नुसता शोभेचा. पोलिसांचं वायरलेस आहेच, पण ते पोलीस ठाण्यापर्यंत. वाडीवस्तीवरचा निरोप ठाण्यापर्यंत कोण नेणार?

ग्रामपंचायत, मच्छीमार सोसायटी आणि हायस्कूल यांनी मिळून चार-पाच मुलामुलींना परीक्षेला बसवलं, आणि जिल्हा प्रशासनाने वर्षातून एकदा फोन बंद ठेवून सराव घेतला, तर सुरुवात होऊ शकते. अभ्यासाला दिवाळी ते शिमगा हे दिवस बरे. मे उजाडला की समुद्राची खात्री नसते.