ढवळ्या, पवळ्या आणि तिसरा मजला

‘अगं, बिचारा दिवसभर एकटाच असतो घरात, म्हणून त्याला कंपनी आणतोय!’ हे वाक्य गेल्या महिन्याभरात मी तीनदा ऐकलं. तिन्ही घरांत नवरा-बायको दोघंही नोकरीवाले, रात्री आठच्या आत कुणीच घरी नाही, आणि घरात एक कुत्रा. त्यावर उपाय काय, तर दुसरा कुत्रा. आयडिया गोड आहे, शंकाच नाही. पण ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला की वाण नाही पण गुण लागतो, हे आपल्याकडे बैलांबद्दल म्हणून ठेवलंय ते कुत्र्यांनाही चपखल बसतं. आणि गुण कुठला लागणार, हे तुम्ही ठरवत नाही. ढवळ्या ठरवतो.

माझ्या बाणेरच्या मैत्रिणीकडचा ढवळ्या म्हणजे बंटी. चार वर्षांचा, अस्सल देशी. लिफ्टचं दार वाजलं की भुंकणार, मॅडमनी सकाळी सॅक उचलली की येरझाऱ्या घालणार आणि दाराला कुलूप लागलं की गळा काढणार. शेजारचे आजोबा दुपारी झोपतात, त्यामुळे सोसायटीकडून दोन पत्रं येऊन गेलेली. मग आली लाडू, तीन महिन्यांची लॅब्रेडॉर. दोघं खेळतील, दमतील आणि झोपतील, असा साधा हिशोब होता.

पंधरा दिवसांत लाडू लिफ्टवर भुंकायला लागली. खरं तर तिला लिफ्टशी काही देणंघेणं नव्हतं. बंटी उठला की ही उठायची, तो दाराकडे पळाला की ही मागे, तो भुंकला की हिचाही सूर. पण महिन्याभराने बंटी ढाराढूर झोपलेला असताना लाडू एकटीच लिफ्टवर भुंकली. ‘आता स्टिरिओ झालाय,’ मैत्रीण फोनवर म्हणाली. हसत म्हणाली, पण तिसरं पत्र आलं तर भाड्याचं घर सोडावं लागेल, हे तिला आणि मला दोघींनाही माहीत होतं.

यात लाडूने बंटीची ‘नक्कल’ केली असं आपण म्हणतो, पण सुरुवात त्याहून साधी असते. एक कुत्रा उत्तेजित झाला की दुसरा आपोआप होतो, आणि एक जिथे बघतो तिथे दुसऱ्याचं लक्ष जातं. असं वीस वेळा झालं की लिफ्टचा आवाज म्हणजे धमाल, हे गणित दुसऱ्याच्या डोक्यात स्वतंत्रपणे पक्कं होतं. मग पहिल्याची गरजच उरत नाही.

पिल्लं तर यात भलतीच तरबेज. दक्षिण आफ्रिकेत स्लॅबर्ट आणि रासा या संशोधकांनी जर्मन शेफर्डच्या पिल्लांवर केलेला प्रयोग १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. अमली पदार्थ हुंगून शोधणाऱ्या आयांचं काम काही पिल्लांनी सहा ते बारा आठवड्यांच्या वयात नुसतं पाहिलं होतं. सहा महिन्यांची झाल्यावर त्यांची परीक्षा घेतली, तर ती न पाहिलेल्या पिल्लांपेक्षा सरस निघाली. आई ड्रग्ज शोधणारी असेल तर पिल्लू ते शिकणार. आपल्या लाडूसमोर होता बंटी!

कोण कुणाकडून शिकतं, यातही गंमत आहे. बुडापेस्टच्या पीटर पाँगराट्झ आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये एकापेक्षा जास्त कुत्रे असलेल्या घरांतल्या कुत्र्यांची परीक्षा घेतली. इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचं कुंपण, खाऊ आतल्या कोपऱ्यात, वळसा घालून पोचायचं. घरात दादा कोण, हे त्यांनी मालकांना विचारून ठरवलं. त्यातला एक प्रश्न होता, अनोळखी माणूस आला की आधी कोण भुंकतं? दुसऱ्या कुत्र्याला वळसा घालताना पाहून पटकन शिकले ते दुय्यम कुत्रे. दादालोकांना त्याचा फारसा उपयोग झाला नाही. पण वळसा माणसाने घालून दाखवला, तेव्हा दोघांत तसा फरक राहिला नाही.

म्हणजे ‘नवीन शांत पिल्लू आणू, त्याला बघून हा सुधारेल’ ही आशा जरा उलटीच आहे. शिवाय बंटीला हवा होता माणूस, कुत्रा नव्हे. माणूस गेल्यावर त्याचा जीव घाबरायचा, तो लाडू शेजारी बसली म्हणून थांबला नाही. फक्त बघायला एक विद्यार्थिनी मिळाली.

उलटं छान उदाहरणही असतं. रस्त्यावरून उचललेली, झाडूलासुद्धा घाबरणारी कुत्री एखाद्या निवांत कुत्र्याच्या घरात पटकन रुळतात. तोच नियम, फक्त ढवळ्या चांगला.

मैत्रिणीने ट्रेनरच्या सल्ल्याने आता दोघांना वेगळं शिकवायला घेतलंय. फिरायला दोन फेऱ्या, सकाळी साडेसहाला एक आणि सातला दुसरी (वॉचमनला वाटतं, बाई काहीतरी विसरून परत जाते). लिफ्ट वाजली की चटईवर यायचं, खाऊ मिळणार; हे आधी एकेकट्याला, मग दोघांना. घराबाहेर जायची प्रॅक्टिस एका मिनिटापासून. लाडूचं जमतंय. बंटीचं चार दिवस जमतं, पाचव्या दिवशी कुरिअरवाला येतो.

तुमच्या डोक्यात सेकंड डॉग घोळत असेल, तर त्याआधी एक करा. जुना मोबाइल हॉलमध्ये रेकॉर्डिंगवर लावून ऑफिसला जा आणि संध्याकाळी पहिला अर्धा तास बघा. पठ्ठ्या सोफ्यावर घोरत असेल तर पिल्लू खुशाल आणा. दाराशी रडत असेल, तर आधी व्हेटचा नंबर लावा, पिल्लाचं नंतर बघू.