कागद घरी राहिलेला रोगी

पहाटेची लोकल गाठून पालघर-बोईसरहून मुंबईच्या रुग्णालयांकडे निघालेले रोगी हे आता नित्याचे दृश्य झाले आहे. डहाणूपर्यंत लोकल २०१३ मध्ये आली, १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. तथापि हृदयाच्या सूक्ष्म तपासणीसाठी अनेकांना अद्याप वसई-विरार वा मुंबईचीच वाट धरावी लागते. रजा, भाडे आणि सोबतीच्या माणसाची बुडालेली रोजी एवढे मोल देऊन रोगी तज्ज्ञासमोर बसतो, तेव्हा जुने कागद घरीच राहिल्याचे त्याच्या ध्यानात येते. कोणती गोळी घेता, या प्रश्नाला उत्तर मिळते, “छोटी, पांढरी.” पुष्कळशा गोळ्या छोट्या व पांढऱ्याच असतात!

वस्तुतः निदानाचा मोठा भाग रोग्याच्या सांगण्यातूनच उलगडतो. छातीतील कळ जिना चढताना येते की बसल्या जागी, किती मिनिटे टिकते, विसावल्यावर थांबते काय, हाताकडे वा जबड्याकडे सरकते काय, हे आदल्या रात्री कागदावर लिहून काढावे. गोळ्यांची पाकिटे, जुने कार्डिओग्राम, साखरेचे अहवाल आणि आठवडाभराच्या रक्तदाबाच्या नोंदी बरोबर न्याव्यात. वडिलांना वा भावाला पंचावन्नच्या आत, आईला वा बहिणीला पासष्टच्या आत हृदयविकार झाला असल्यास तेही सांगावे. तंबाखू, मशेरी, मद्य यांपैकी काहीही लपवू नये. तज्ज्ञ हा न्यायाधीश नव्हे.

‘हार्टचा त्रास’ या दोन शब्दांत आपण अनेक रोग कोंबतो. हृदयाला रक्त पुरविणाऱ्या धमन्या अरुंद होणे हा एक. बालपणी घसा सुजून आलेल्या संधिवाताच्या तापाने झडपा निकामी होणे हा दुसरा. ठोक्यांचा ताल बिघडणे हा तिसरा. हृदयाचा पंप दुबळा होऊन पाय सुजणे, आडवे पडताच धाप लागणे हा चौथा. प्रत्येकाचा उपचार निराळा. शिवाय विश्रांतीच्या वेळी काढलेला कार्डिओग्राम निर्दोष असूनही धमन्यांत दोष असू शकतो. म्हणून टू-डी इको वा स्ट्रेस टेस्ट सांगितल्यास ती लूटच आहे असे गृहीत धरू नये. ती कशासाठी, हे मात्र अवश्य विचारावे.

एक अपवाद ध्यानी ठेवला पाहिजे. छातीवर दडपण येऊन दरदरून घाम फुटला, तर कागद शोधत बसू नये आणि सोडा पिऊन पाळीही पुरी करू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. मधुमेह्यांत व स्त्रियांत पुष्कळदा कळ नसते, नुसती धाप वा मळमळ असते.

परंतु सारा भार रोग्यावर टाकून समाजाला मोकळे होता येणार नाही. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ पासून वीज देत आहे, शेजारच्या औद्योगिक वसाहतीत रात्रंदिवस पाळ्या चालतात. धोकादायक प्रक्रियांच्या कारखान्यांत कामगारांची नियमित वैद्यकीय तपासणी कायद्याने बंधनकारक आहे. तिचे अहवाल कार्यालयाच्या कपाटात नव्हे, कामगाराच्या हाती असले पाहिजेत. शिक्षकांनी घसादुखी व सांधेदुखीने वारंवार गैरहजर राहणाऱ्या मुलाची विचारपूस करावी, ग्रामीण रुग्णालयाने दिलेला कार्डिओग्राम जपून ठेवण्यास रोग्याला बजावावे. महागड्या यंत्रांची मागणी रास्तच आहे. ती यंत्रे येईपर्यंत, आणि आल्यानंतरही, नीट ठेवलेल्या कागदांची एक पिशवी कित्येकांचा हेलपाटा वाचवील, क्वचित प्राणही.