रोडग्यांचे जेवण आणि यजमानाचे शेवटचे काम



'बार्बेक्यू' हा शब्द मी महाविद्यालयात आल्यावर प्रथम ऐकला. एका वर्गमित्राने मोबाईलवर चित्र दाखविले. अंगणात निखारे, जाळीवर भाजले जाणारे मांस आणि भोवती हसरी माणसे. मी म्हणालो, "अरे, हे तर आमचे रोडग्यांचे जेवण!" तो हसला. पण माझे काय चुकले? उघड्यावरचा विस्तव, त्याभोवती राबणारी पुरुषमंडळी आणि आल्यागेल्याला आग्रह, हे सारे आपल्याकडेही आहेच. जाळीऐवजी आपल्या गोवऱ्या, एवढाच काय तो फरक!

आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. गेल्या उन्हाळ्यात परीक्षा संपली तेव्हा बाबा म्हणाले, "तुह्या दोस्तायले बोलाव. रोडगे करू." बाबा वीज केंद्रात कंत्राटी कामगार आहेत. त्या दिवशी मी यजमान होतो आणि ते माझे गुरू.

ऊर्जानगरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. म्हणून सूर्य मावळून वारा पडल्याशिवाय विस्तव पेटवायचा नाही, आणि पेटविण्यापूर्वी पाण्याच्या दोन बादल्या जवळ भरून ठेवायच्या, हा त्यांचा पहिला धडा. जाडसर कणकेत मीठ, ओवा व तेलाचे मोहन घालून ती घट्ट मळायची. लहान पोळ्यांना तेल लावून त्या एकीवर एक ठेवायच्या आणि गोळा वळायचा. गोवऱ्यांची ज्वाळा बसून नुसता आर उरला की गोळे त्यात सोडायचे व उलटसुलट भाजायचे. राख झटकून रोडगा फोडला की आत पदर सुटलेले दिसले पाहिजेत. वर तुपाची धार, सोबत वरण व वांग्याची झणझणीत भाजी. वीस जण जेवले. सर्वांनी वाहवा केली.

लेख येथेच संपला असता तर किती बरे झाले असते!

खरकट्या पत्रावळी आम्ही मागच्या भिंतीपलीकडे झुडपांत फेकल्या. रात्री कुत्री भांडू लागली. मग एकच केकाटणे, आणि सारे शांत. सकाळी गल्लीतले एक कुत्रे नाहीसे झाले होते आणि धुळीत पंजे उमटले होते. शेजारची मावशी पहाटे त्याच वाटेने पाण्याला जाते. ती मला रागावली नाही. मायला एवढेच म्हणाली, "माह्या संगं लेकरू असते ना वो बाई."

फेब्रुवारी २०२२ मध्ये वीज केंद्राच्या परिसरात वाघाने एका कामगाराचा बळी घेतला आणि पाठोपाठ दुर्गापुरात बिबट्याने एका मुलाला नेले, हे आपण विसरलो काय? खरकट्यावर कुत्री व डुकरे जमतात आणि त्यांच्यामागे बिबट्या येतो. कोणी म्हणेल, वन विभागाने पिंजरे लावावेत. जरूर लावावेत. परंतु एक बिबट्या पकडला आणि खरकटे तेथेच राहिले, तर दुसऱ्याला आपणच निमंत्रण दिले असे होत नाही काय?

विस्तवाचेही तेच. गोवरीचा आर राखेखाली रात्रभर जिवंत राहतो. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आपल्याकडे वणव्यांचा काळ. पहाटेच्या वाऱ्याने एक ठिणगी वाळल्या पाचोळ्यात गेली तर जबाबदार कोण?

मग जेवणेच बंद करावीत काय? मुळीच नाही. रोडग्यांची लाज वाटण्याचेही कारण नाही. माझे म्हणणे इतकेच की, पाहुणे तृप्त झाले म्हणजे जेवण यशस्वी झाले, ही आपली समजूत अपुरी आहे. शेजारी, जो पंगतीला नव्हता, तो दुसऱ्या दिवशी निर्धास्तपणे वाटेने गेला पाहिजे. आपल्या गावी १९८३ पासून वीज तयार होते. आज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. तो प्रचंड विस्तव माणसे पाळीपाळीने सांभाळतात. पुढचा माणूस आल्याशिवाय बाबा आपली जागा सोडीत नाहीत. मी मात्र हातभर विस्तव सोडून झोपायला गेलो होतो!

येत्या उन्हाळ्यात पुन्हा रोडगे करणार आहे. गुरुजनांनी व मित्रांनी अवश्य यावे. मावशीलाही बोलावले आहे. खरकट्यासाठी झाकणाचा पिंप आणला आहे, आणि पंगतीतून जो सर्वांत शेवटी उठेल त्याच्या हाती पाण्याची बादली देणार आहे.