नसल्याचा पुरावा कुठून आणायचा?

"इराककडे शस्त्रं नव्हती, हे नंतर कळलं." परवा एका मराठी लेखात हे वाक्य पुन्हा वाचलं आणि चीड आली. नंतर? शोधणारे तेव्हा इराकमध्येच होते. त्यांना काम पुरं करू दिलं नाही.

आधी आपल्या घरातलं बोलतो. १९९१च्या युद्धात आमच्या मोहल्ल्यात सद्दामचे फोटो लागले होते. त्याच माणसाच्या फौजेने मार्च १९८८मध्ये हलबजात विषारी वायू सोडून हजारो कुर्द मारले. तेही मुसलमानच होते, पण त्यांच्यासाठी आमच्याकडे कुणी फोटो लावल्याचं मला आठवत नाही. म्हणून १९९१च्या ठराव ६८७ने रासायनिक, जैविक अस्त्रं आणि १५० किलोमीटरपलीकडे जाणारी क्षेपणास्त्रं मोडायला लावली, यात मला अन्याय दिसत नाही. सद्दामने त्याच वर्षी बराच साठा गुपचूप नष्ट केला. निरीक्षकांना बोलावलं नाही, धड नोंदी ठेवल्या नाहीत. वहीत जमा दिसते, खर्च दिसत नाही. मग संशय येणारच.

पण हिशेब न लागणं म्हणजे माल घरात असणं नव्हे. निरीक्षकांचे प्रमुख हान्स ब्लिक्स हा फरक सुरक्षा परिषदेला समजावून सांगत होते. २७ नोव्हेंबर २००२पासून साडेतीन महिन्यांत त्यांच्या माणसांनी सुमारे सातशे तपासण्या केल्या. अल समूद २ क्षेपणास्त्रं मर्यादेपेक्षा लांब जातात असं आढळलं, तर ती त्यांच्या डोळ्यांदेखत मोडली जाऊ लागली. तपासणी चालते ती अशी. त्याआधी ५ फेब्रुवारीला कॉलिन पॉवेल परिषदेत एक कुपी नाचवून गेले होते. ७ मार्चला अल बरादेईंनी सांगितलं की नायजरच्या युरेनियमचे कागद खोटे आहेत. त्याच बैठकीत ब्लिक्स म्हणाले, उरलेल्या कामाला वर्षं लागणार नाहीत, आठवड्यांतही होणार नाही, महिने लागतील.

उत्तर काय मिळालं? काही सापडलं की लबाडी सिद्ध, नाही सापडलं की लपवण्यात पटाईत. अशा कोर्टात कोण सुटेल? आपल्याकडे रोज नवा पुरावा मागितला जाणाऱ्यांना हे न्यायाचं गणित वेगळं शिकवावं लागत नाही.

१८ मार्चला निरीक्षक बाहेर पडले, २० मार्चला बॉम्ब पडू लागले. पुढे अमेरिकेने स्वतःचं पथक नेमलं. हजारावर माणसं, देश ताब्यात, हव्या त्या कुलपाला हात घालायची मोकळीक, जाब विचारायला शास्त्रज्ञ कैदेत. जुने गंजके तोफगोळे मिळाले. साठा मात्र १९९१नंतर उरलाच नव्हता, असं त्या पथकाने २००४च्या शरदात लिहून दिलं. तोवर युद्धाला दीड वर्ष झालं होतं. ब्लिक्स यांनी मागितले होते काही महिने.