धर्मादाय धाव आणि बुडीत मजुरी

दर वर्षी जानेवारी महिन्यात एका रविवारी मुंबईच्या रस्त्यांवर हजारो माणसे भल्या पहाटे धावायला उतरतात. २००४ साली सुरू झालेल्या या मॅरेथॉनमध्ये पदकासाठी धावणारे असतात, हौसेखातर धावणारे असतात, आणि एखाद्या सेवाभावी संस्थेसाठी निधी गोळा करून धावणारेही असतात. स्नेह्यासोबत्यांना आणि कचेरीतल्या सहकाऱ्यांना साकडे घालून ही मंडळी पैसे जमवतात. रुग्णालयात पडलेल्या मुलांच्या आईबापांना डोक्यावर छप्पर आणि दोन वेळचे अन्न देणे, हे अशा निधीतून होणाऱ्या कामांपैकी एक काम. पालघर जिल्ह्यात वसई-विरार महापालिकेनेही २०११ पासून मॅरेथॉन भरवायला प्रारंभ केला आणि लांब पल्ल्याच्या धावण्याचे वारे विरारच्या पुढे पालघर-बोईसरपर्यंत येऊन पोचले. तेव्हा अशा धर्मादाय धावेत आपण उतरावे की नाही, हा प्रश्न आपल्या तरुण कार्यकर्त्यांत निघणे स्वाभाविक आहे.

आमचे उत्तर सरळ आहे : जरूर उतरावे. दानधर्म म्हणजे भांडवलशाहीच्या जखमेवरची मलमपट्टी, असे म्हणून बाजूला होण्याची एक जुनी खोड आपल्याकडे आहे. ज्याचे मूल परळच्या रुग्णालयात खाटेवर आहे आणि ज्याची बायको बाहेर पदपथावर चूल मांडून बसली आहे, त्याला हे तत्त्वज्ञान ऐकवण्याचा अधिकार कोणालाही नाही. गाडगे महाराजांनी धनिकांकडून पैसा घेतला आणि रुग्णांच्या नातेवाइकांसाठी जे. जे. रुग्णालयाजवळ धर्मशाळा उभी केली. सेंट ज्यूड ही संस्था २००६ पासून मुंबईत कर्करोगग्रस्त मुलांच्या कुटुंबांना उपचार चालेतो विनामूल्य राहायला जागा देते. ही कामे झाली नसती तर ती माणसे क्रांतीची वाट पाहत रस्त्यावरच निजली असती.

परंतु एवढे म्हटल्यावर पुढचा प्रश्न टाळता येत नाही. धावणारा ज्या खर्चासाठी घाम गाळतो, तो खर्च मुळात कोणाचा?

मॅरेथॉनचे अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर. बोईसरहून परळ दोन मॅरेथॉनांहून अधिक दूर आहे. हृदयाला छिद्र असलेले किंवा रक्ताचा कर्करोग जडलेले मूल घेऊन हे अंतर आईबापांना एकदा नव्हे, पुनःपुन्हा कापावे लागते. डहाणू-तलासरीकडचे लोक सिल्वासाचा रस्ता धरतात. मोखाड्याला तर जिल्ह्याच्या ठिकाणापेक्षा नाशिक जवळ. २०१४ साली ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला, तरी गुंतागुंतीच्या आजाराच्या मुलाला आजही जिल्ह्याबाहेर न्यावे लागते. जानेवारी २०२२ मध्ये मोखाडा तालुक्यातील एक सहा वर्षांचा मुलगा न्यूमोनियाने रुग्णालयात दगावला आणि रुग्णवाहिका न मिळाल्याने बापाने त्याचा देह मोटारसायकलवरून घरी नेला. वृत्तपत्रांत चार दिवस हळहळ झाली.

मुलांच्या आजारांची पाहणी आणि उपचार मोफत करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी याच पालघरात देशासाठी जाहीर झाला, हे आज किती जणांना आठवते? त्या कार्यक्रमामुळे शाळेत, अंगणवाडीत मुले तपासली जाऊ लागली, आजार वेळेवर कळू लागले. हे मोठेच काम होय आणि ते नाकारण्याचा करंटेपणा आम्ही करणार नाही. शस्त्रक्रियेचा खर्चही आता बऱ्याच अंशी सरकारी योजनांतून भागतो. २०१२ साली राजीव गांधींच्या नावाने सुरू झालेली व पुढे महात्मा फुल्यांचे नाव मिळालेली जीवनदायी योजना पाहा. तिच्या नियमांत रुग्णालयातून घरी परतण्यासाठी एस.टी.चे किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचे भाडे एकदा देण्याची तरतूद करण्यात आली. मात्र ते भाडे फक्त रुग्णाचे. चार वर्षांचे मूल पोटावर टाके घेऊन एकटेच दादरला गाडीत बसेल आणि बोईसरला उतरेल, असे नियम लिहिणाऱ्याच्या मनात होते काय? सोबतीला आई असते, ती जेवते, कुठेतरी निजते, आणि तिची रोजी बुडते, ही गोष्ट त्या कागदावर नाही. धर्मादाय धाव भरून काढते ती नेमकी हीच कागदावर नसलेली रक्कम.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत हे अधिक उघडे दिसते. तेथील कंत्राटी कामगाराला आठ दिवस मुलाजवळ बसायचे तर आठ खाडे पडतात, आणि नवव्या दिवशी फाटकावर त्याच्या जागी दुसरा उभा असतो. कर्मचारी राज्य विमा योजनेत, १९४८ च्या कायद्याने, कामगार स्वतः आजारी पडला तर त्याला भत्ता आहे. कुटुंबाला औषधोपचारही आहे. पण आजारी मुलाची शुश्रूषा करताना बुडालेल्या मजुरीबद्दल काही नाही. उलट केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना २००८ पासून बालसंगोपनासाठी नोकरीच्या काळात ७३० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. ती योग्यच आहे. मग बोईसरच्या कारखान्यात डबे भरणाऱ्या बाईचे मूल काय कमी आजारी पडते?

हे मागणे नवे किंवा स्वप्नाळू आहे, असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर याच जिल्ह्यात आहे. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी भागात बालके पटापट दगावली, महाराष्ट्र हादरला, आणि १९९५ साली आदिवासी भागासाठी नवसंजीवन योजना आली. तीत रुग्णालयात ठेवलेल्या तीव्र कुपोषित बालकाच्या पालकाला बुडीत मजुरी देण्याचे तत्त्व सरकारने स्वीकारले. रक्कम तुटपुंजी, मिळण्यात दिरंगाई, हे सारे मान्य. परंतु मुलाजवळ बसणे हा उपचाराचाच भाग आहे आणि त्याची भरपाई शासनाने करावयाची आहे, हे एकदा लेखी कबूल झाले आहे. कुपोषणाला जे लागू, ते कर्करोगाला आणि हृदयविकाराला का नाही, एवढेच आपण विचारायचे आहे.

कॅनडाचे उदाहरण येथे आठवते. टेरी फॉक्स या तरुणाचा पाय १९७७ मध्ये कर्करोगाने कापावा लागला; इस्पितळात पाहिलेल्या मुलांच्या वेदना मनात ठेवून तो १९८० साली कृत्रिम पायावर १४३ दिवस, ५३७३ किलोमीटर धावला. अशा धावांचा तो आजही आदर्श मानला जातो. पण त्याने पैसा मागितला तो संशोधनासाठी. रुग्णाच्या उपचाराचे बिल भरण्यासाठी त्या देशात धावावे लागत नव्हते, कारण ते काम आधीच सार्वजनिक विम्याने पत्करले होते. त्याचा पाया १९६२ साली सस्कॅचेवान प्रांतात तेथील समाजवादी सरकारने, डॉक्टरांचा तेवीस दिवसांचा संप सोसून, घातला. टॉमी डग्लस हा त्या योजनेचा जनक. लहानपणी हाडाच्या रोगाने त्याचा पाय जाण्याची वेळ आली होती. विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया पाहू द्यावी, या अटीवर एका शल्यविशारदाने ती फुकट केली म्हणून पाय वाचला. पुढे तो त्या डॉक्टरचे उपकार मानीत राहिला, आणि मुलाचा पाय कोणाच्या मेहेरबानीवर अवलंबून असता कामा नये, हेही म्हणत राहिला.

दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या तोंडी शोभतात. म्हणून धावणाऱ्या साथींनी धावावे, निधी द्यावा. आणि पालघर, बोईसर, डहाणू, मोखाडा येथील साथींनी आणखी एक काम करावे. आपापल्या गावातून जिल्ह्याबाहेरच्या रुग्णालयात गेलेल्या मुलांच्या घरी बसून, गाडीभाडे किती, जेवण किती, रात्री कोठे काढल्या, खाडे किती पडले, हे त्या आईबापांच्या संमतीने तारीखवार लिहून घ्यावे. सोबत्याचे भाडे, बुडीत मजुरी आणि मुंबई, नाशिक, सिल्वासा येथे जिल्ह्याच्या खर्चाने निवाऱ्याची सोय, या तीन मागण्यांखाली ते कागद जोडून कोळगावच्या जिल्हाधिकारी कचेरीत द्यावेत. पोच घ्यायला विसरू नये.