बोंडअळी बांध ओळखत नाही

फाल्गुन वद्य द्वितीयेला तुकाराम बीजेसाठी आणि पुढे ज्येष्ठ वद्य सप्तमीला पालखीच्या प्रस्थानासाठी देहूस जो समाज लोटतो, त्यात वऱ्हाडचे व मराठवाड्याचे कास्तकार थोडे नसतात. त्याच मुलखातून आलेले अनेक तरुण पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांत राबत आहेत. त्यांचे चित्त मात्र गावाकडच्या कपाशीवर असते. तेव्हा इंद्रायणीकाठी कापूस पिकत नसला, तरी कपाशीवरील किडीचा प्रश्न आमच्या नगराला परका आहे असे म्हणण्याची सोय नाही. किंबहुना देहूच्या या दोन तिथींमधील काळातच त्या प्रश्नाचे निम्मे उत्तर दडलेले आहे.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात जे घडले त्याची आठवण महाराष्ट्राने पुसू देता कामा नये. डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशीत, उन्हातान्हात, तोंडाला फडके गुंडाळून फवारणी करणारे शेतकरी व शेतमजूर विषबाधेने शेकड्यांनी रुग्णालयात दाखल झाले आणि वीसहून अधिक जण दगावले. त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीने राज्यातील कपाशीची धूळधाण केली. विष फवारले, माणसे गेली आणि अळी राहिली! याहून विदारक हिशेब कोणता असू शकेल?

बोंडअळीला प्रतिकार करणारे बीटी वाण भारतात २००२ साली आले आणि २००६ साली दोन जनुकांचे वाण आले. आरंभी त्यांनी फवारणी कमी केली, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु २०१० च्या सुमारास गुजरातेत गुलाबी अळी पहिल्या जनुकाला दाद देईनाशी झाली आणि २०१४-१५ पासून दोन जनुकांचीही तीच गत झाली. बीटी कपाशीभोवती साध्या कपाशीच्या ओळी लावाव्यात, म्हणजे प्रतिकारक्षम अळीचा वंश वाढत नाही, असा नियम होता व त्यासाठी बियाण्याची वेगळी पुडीही मिळत असे. ती पुडी बहुतेक ठिकाणी बांधावरच पडून राहिली.

या अळीची रीत समजून घेणे अवश्य आहे. ती अंड्यातून निघताच फुलात वा बोंडात शिरते आणि तिने पाडलेले छिद्र बुजून जाते. मग वरून कितीही औषध मारले तरी ते तिच्यापर्यंत पोहोचत नाही. मरतात ते तिला खाणारे मित्रकीटक. हंगाम संपल्यावर ती उभ्या पऱ्हाटीत, किडक्या बोंडांत व सरकीत सुप्तावस्थेत पडून राहते. म्हणून डिसेंबरअखेर कापूस उलगून पऱ्हाटी शेताबाहेर काढावी आणि जूनचा पाऊस पडेपर्यंत शिवारात कपाशीचे झाड राहू देऊ नये, हा पहिला उपाय होय. बीजेला देहूस आलेल्या वारकऱ्याच्या शेतात फरदड उभी असेल, तर पालखी निघेपर्यंत अळीच्या मुक्कामाची सोय त्यानेच केलेली असते.

एकात्मिक कीड व्यवस्थापन म्हणतात ते याहून फार गूढ नाही. हेक्टरी पाच कामगंध सापळे लावावेत. डोमकळ्या वेचून नष्ट कराव्यात. निंबोळी अर्क वापरावा. ट्रायकोग्रामाची कार्डे लावावीत. सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले, किंवा वीस हिरवी बोंडे फोडून पाहता दोन किडकी निघाली, तरच फवारणीचा विचार करावा. पूर्वी शाळेत फळ्यापुढे उभे असताना आम्हांला अशी मुले भेटत, की ज्यांना गणिताचे उत्तर पाठ असे, पण रीत येत नसे. आकडे बदलले की ती अडत. दर पंधरवड्याला ठरलेली बाटली आणून फवारणे हे असेच पाठ केलेले उत्तर आहे. बोंडे फोडून मोजणे ही रीत आहे.

यावर शेतकरी म्हणेल, 'फरदडीच्या दोन क्विंटल कापसावर मुलीची फी भागते. ती का सोडू? शेजाऱ्याने पऱ्हाटी ठेवली तर माझे एकट्याचे शेत स्वच्छ करून उपयोग काय?' हा प्रश्न रास्त आहे. पतंगाला सातबारा ठाऊक नसतो. पेरू देशातील कान्येते खोऱ्यात १९४९ नंतर नव्या कीटकनाशकांनी आधी उत्पन्न वाढले आणि १९५६ साली ते पार कोसळले. तेव्हा तेथील शेतकऱ्यांनी खोऱ्यापुरते नियम केले, खोडवा कपाशी बंद केली, मित्रकीटक परत आणले आणि पीक सावरले. अमेरिकेने बीटी वाण, वंध्य पतंग, कामगंध व शेतस्वच्छता यांची सांगड घालून २०१८ साली आपल्या कापूसप्रदेशातून गुलाबी बोंडअळी हद्दपार झाल्याचे जाहीर केले. दोन्हीकडे यश आले ते सर्वांनी एकदम पावले टाकल्यामुळे.

आपल्याकडे सुमारे चाळीस लाख हेक्टरांवर कापूस आहे, तो बहुतांशी कोरडवाहू आहे आणि त्याचे धनी अल्पभूधारक आहेत. त्यांना केवळ उपदेश करून भागणार नाही. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे ज्ञान शिवारात पोहोचविणारा कृषी सहाय्यक ऐन फुलोऱ्याच्या दिवसांत गावात हजर असला पाहिजे. आज उधारीवर औषध देणारा दुकानदारच अनेकांचा एकमेव सल्लागार आहे, आणि विकणाऱ्याने 'विकत घेऊ नकोस' असा सल्ला द्यावा ही अपेक्षा भाबडी होय. फरदड सोडणाऱ्यास हरभऱ्यासारख्या पिकाचे बियाणे व संरक्षित पाण्याची जोड मिळावी. पऱ्हाटी काढण्याची तारीख ग्रामसभेने ठरवावी, जिनिंगच्या आवारात सापळे सक्तीने लागावेत, आणि फवारणाऱ्या मजुराला हातमोजे व मुखवटा देणे ही मालकाची जबाबदारी मानली जावी.

वारीत कोणी एकटा चालत नाही. दिंडी एका पावलाने चालते म्हणूनच पंढरी गाठते. देहूहून परतणारा कास्तकार एवढी एक गोष्ट आपल्या शिवारात नेईल आणि सरकार त्याला साथ देईल, तर २०१७ ची पुनरावृत्ती टळेल. पुन्हा तसे घडले, तर दोष अळीला देता येणार नाही.